खासगी तळ्याच्या बांधाला सांडवा कोणता आणि कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यात राहून कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, पेण या पट्ट्यात जमीन घेतलेले आणि तिथे स्वतःचं तळं बांधू बघणारे लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेक मेसेज मे महिन्याच्या शेवटी येतात, "तळं झालं, आता जादा पाण्याचं काय करू" असे. माझं आधीपासूनचं म्हणणं एकच आहे, जादा पाणी कुठून आणि कसं जाणार हे जेसीबी बोलवायच्या आधी ठरवा, बांधाची जागा आणि उंची त्यावरून ठरते. घाईत असाल तर निदान २, ४ आणि ५ नंबरचे प्रश्न वाचाच.

१. सांडवा म्हणजे नक्की काय, आणि माझ्या एवढ्याशा तळ्याला तो लागतोच का?

तळं भरलं तरी पाणी येतच राहतं, त्या पाण्याला बांधाला धक्का न लावता बाहेर जायची जी वाट आपण करून देतो तो सांडवा. मातीचा बांध असेल तर लागतोच, तळं कितीही लहान असू दे. मातीचा बांध पाणी अडवतो, पण अंगावरून वाहणारं पाणी त्याला अजिबात झेपत नाही. पाणी माथ्यावरून गेलं की मागच्या उतारावर घळ पडते, ती घळ वर वर खात माथ्यापर्यंत येते आणि माथा तुटला की मग हातात काही राहत नाही, सगळं तळं एकदम खाली.

पाच गुंठ्यांचं, सरासरी दीड मीटर खोल तळं म्हणजे साधारण साडेसात लाख लिटर पाणी. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पंचाहत्तर टँकर एकाच वेळी कोणाच्या तरी शेतात किंवा घरात शिरणार. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खालच्या वाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. ते धरण आपल्या तळ्यापेक्षा खूप मोठं होतं हे मान्य, पण तेही मातीचंच होतं आणि तुमच्या बांधाखाली एक जरी घर असेल तरी काळजी तीच घ्यायची.

२. सहा इंची पीव्हीसी पाईप बांधात टाकलाय, तेवढा बास नाही का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं कारण सरळ हिशोबाचं. सहा इंची पाईपच्या तोंडावर एक मीटर पाणी उभं असलं तरी त्यातून सेकंदाला फार तर ४५-५० लिटर जातं. दहा एकर पाणलोटातून कोकणातल्या जोरदार सरीत सेकंदाला साडेसहाशे लिटरच्या वर पाणी येऊ शकतं (पाणलोट म्हणजे काय आणि हा हिशोब कसा, ते ४ नंबरला आहे). म्हणजे तसले तेरा-चौदा पाईप लागतील. बरं, पाणी वाढलं म्हणून पाईपचा निचरा फारसा वाढत नाही, पाण्याची उंची दुप्पट झाली तर पाईप जेमतेम चाळीस टक्के जास्त वाहतो. उघड्या सांडव्याचं उलट आहे, त्याच्यावर पाण्याची उंची दुप्पट झाली की निचरा जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हा सांडवा वाढत जातो आणि पाईप होता तिथेच राहतो.

दुसरं कारण कचरा. मुरबाड-शहापूरकडे साग भरपूर. उन्हाळ्यात गळलेली पानं रानात पडून असतात आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम वाहत येतात. हातभर लांबीचं ओलं सागाचं पान जाळीला चिकटलं की पाण्याच्या दाबाने तिथेच बसतं, त्यावर दुसरं बसतं, मग भाताच्या काड्या, मग वेफर्सची पाकिटं, आणि थोड्या वेळात जाळीच्या जागी अख्खं झाकण तयार होतं. त्या वेळी तुम्ही मुंबईत, लोकल बंद, राखणदार घरात, वीज गेलेली. जी व्यवस्था कोणीतरी जाऊन साफ केल्याशिवाय चालत नाही तिच्यावर बांधाचा जीव टांगू नका.

३. मग पाईप टाकूच नको का?

टाका, पण मदतनीस म्हणून. चांगली रचना दोन टप्प्यांची असते. रोजचं थोडं थोडं पाणी पाईपमधून जातं आणि मोठ्या पावसाचं पाणी उघड्या सांडव्यावरून. पाईपचं तोंड सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा (ज्या सपाट काठावरून पाणी बाहेर पडायला लागतं तो उंबरा) साधारण एक फूट खाली ठेवायचं, म्हणजे जुलै-ऑगस्टमधला सततचा झरा पाईपने निघून जातो आणि सांडवा वर्षातले थोडेच दिवस ओला होतो, गवत टिकतं.

यासाठी सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे उभी विहीर-मोरी, म्हणजे तळ्यात आतल्या बाजूला उभा ह्यूम पाईप (सिमेंट काँक्रीटचा पाईप) किंवा काँक्रीटचा चौकोनी हौद, पाणी त्याच्या काठावरून आत पडतं आणि तळातून आडव्या पाईपने बांधापलीकडे जातं. उभा पाईप आडव्यापेक्षा मोठा घ्या. वरची जाळी सपाट नको, पिंजऱ्यासारखी उंच आणि चारी बाजूंनी करा म्हणजे पानांनी एक बाजू भरली तरी बाकीच्या बाजू वाहतात. आडवा पाईप बारा इंचाच्या खाली घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, हिशोबात नऊ इंच पुरत असला तरी, कारण बारा इंचीत अडकलेली फांदी निघते आणि नऊ इंचीत राहते. याच हौदाला तळाशी एक व्हॉल्व्ह ठेवला तर गाळ काढायला तळं रिकामंही करता येतं.

४. सांडवा किती रुंद ठेवू? गावात सगळे "दहा फूट कर" म्हणतात.

दहा फूट कधी पुरतो कधी नाही, पाणलोटावर आहे. पाणलोट म्हणजे तुमची जमीन नव्हे, ज्या ज्या जमिनीचं पाणी उतरून तुमच्या तळ्यात येतं ती सगळी, शेजाऱ्याचा डोंगरसुद्धा. मोबाईलवर नकाशा उघडून कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, बघा आणि पावसात एकदा स्वतः चालून बघा, दोन्ही करा.

हिशोब असा. सेकंदाला येणारं पाणी घनमीटरमध्ये हवं असेल तर वाहून येण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून येतो तो) गुणिले तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. समजा पाणलोट दहा एकर म्हणजे ४ हेक्टर, उताराची झाडी-गवताची जमीन म्हणून गुणांक ०.६, पाऊस तासाला १०० मिमी. ०.६ × १०० × ४ ÷ ३६० म्हणजे ०.६७ घनमीटर, सेकंदाला ६७० लिटर. रुंद सपाट उंबऱ्यावरून ३० सेंमी उंच पाणी वाहत असेल तर दर मीटर रुंदीला सेकंदाला साधारण २८० लिटर जातं. म्हणजे अडीच मीटर रुंदी लागते.

आता इथे थांबू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्यातल्या एका तासातच १९० मिमीच्या आसपास. ज्यांनी तो दिवस मुंबईत काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तसा पाऊस तुमच्या पाणलोटावर झाला आणि जमीन आधीच भिजलेली म्हणून गुणांक ०.८ धरला तर तेच दहा एकर सेकंदाला १,७०० लिटर देतात. सांडवा चार मीटर रुंद असेल तर उंबऱ्यावर पाणी सुमारे ४० सेंमी चढेल, आणि बांधाचा माथा उंबऱ्यापेक्षा एक मीटर वर असेल तर अजून ६० सेंमी कोरडे राहतील. अडीच मीटरच्या सांडव्यावर तेच पाणी ५४ सेंमी चढलं असतं. म्हणून दहा एकराला मी चार मीटर म्हणजे तेरा फूट सांगते. रुंदी वाढवायचा खर्च थोडा असतो, बांध परत बांधायचा खर्च तुम्हीच काढून बघा.

पाणलोट पंचवीस एकरांच्या वर असेल किंवा खाली वस्ती असेल तर हा कागदावरचा हिशोब पुरे समजू नका, जलसंधारणाची कामं केलेल्या इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या.

५. सांडवा बांधाच्या मध्यभागी काढू की कडेला?

कडेला, आणि मूळ जमिनीत. मध्यभागी बांध सगळ्यात उंच असतो आणि तिथे सगळी टाकलेली माती असते, तिच्यावरून पाणी नेणं म्हणजे सर्वात नाजूक जागी सर्वात मोठा मारा. बांध जिथे टेकडीला टेकतो त्याच्याही पलीकडे, हात न लागलेल्या मुरमात किंवा कातळात चर खोदायचा. बाजूला छोटी खिंड असेल तर उत्तमच.

तळ्याकडून येताना पहिला भाग रुंद आणि सपाट, मग उंबरा, आणि उंबऱ्याच्या पुढे निदान थोडं अंतर सरळ. वळण द्यायचंच असेल तर उंबऱ्याच्या आधी, जिथे पाणी संथ असतं तिथे. पुढे वळवलंत तर पाणी बाहेरची कड खात सुटतं आणि ती कड बांधाच्या बाजूची असेल तर बांधच धोक्यात.

उंबरा एका पातळीत आहे का हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने स्वतः उभं राहून तपासा. एका टोकाला दोन इंच खाली राहिलं तर लहान पावसाचं सगळं पाणी त्याच टोकाने जातं, दरवर्षी तिथेच खणतं, आणि चार मीटरचा सांडवा प्रत्यक्षात एक मीटरच काम करतो.

६. सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा बांधाचा माथा किती वर हवा?

लहान तळ्याला कोकणपट्टीत निदान एक मीटर. त्यातला थोडा भाग सांडव्यावर चढणाऱ्या पाण्याचा आणि उरलेला लाटांसाठी, माथ्याच्या खाचखळग्यांसाठी आणि अंदाज चुकला तर असावा म्हणून. मोठ्या पुरातसुद्धा दोन फूट माथा कोरडा राहिला पाहिजे.

एक गोष्ट सर्रास राहून जाते, नवीन बांध बसतो. थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून केलेला बांधसुद्धा थोडा बसतो आणि नुसता जेसीबीच्या बकेटने थोपटलेला तर बराच. म्हणून मधल्या भागात उंचीच्या दहा टक्के जास्त भराव टाका, दहा फुटी बांधाला मध्यावर एक फूट जास्त. नाहीतर दोन पावसाळ्यांनी माथा मध्यात खाली येतो आणि सांडवा कडेला कोरडाच असताना पाणी मधूनच निघतं.

७. गवताचा, दगडी, काँक्रीटचा की गॅबियनचा, कोणता सांडवा चांगला?

जमीन बघून. सांडव्याखाली काळा कातळ लागला असेल तर तुमचं नशीब, फक्त उंबऱ्याला काँक्रीटची पट्टी आणि काम झालं.

चांगला मुरूम आणि मंद उतार असेल तर गवताचा सांडवा स्वस्त आणि खरंच टिकाऊ. हरळी लावायची, तिची मुळं जाळं धरतात. पण दोन अटी. सोबत पाईप हवाच (प्रश्न ३), कारण आपल्याकडे जुलैभर पाणी वाहत राहिलं तर गवत सडतं आणि उघडी माती राहते. आणि गवताला एक हंगाम द्यावा लागतो, मे मध्ये लावलेली हरळी जूनच्या पुराला तोंड देत नाही, पहिल्या वर्षी वरून काथ्याची जाळी खुंट्या मारून पसरा. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जाणार असेल, म्हणजे उतार तीव्र असेल, तर गवताचा विचार सोडा.

दगडी काम म्हणजे आपल्याकडचं यूसीआर, म्हणजे ओबडधोबड दगडांचं बांधकाम, सिमेंट मसाल्यात. कोकणातल्या गवंड्यांचा हात यात बसलेला असतो आणि दगड जवळ मिळतो, म्हणून मध्यम उताराला माझी पसंती यालाच. मागचं पाणी निघायला मधे मधे भोकं ठेवायला सांगा. नुसते दगड रचून पिचिंग करणार असाल तर दगड नऊ इंचाच्या खाली नको आणि खाली बारीक खडीचा थर हवाच, नाहीतर दगडांमधून माती निघून जाते आणि दगड बसतात.

काँक्रीटचा पातळ स्लॅब ओतून मोकळं होणं हा सगळ्यात फसवा प्रकार. दिसतो भक्कम, पण सुरुवातीला आणि शेवटी जमिनीत निदान दोन-तीन फूट उतरणारी आडवी भिंत नसेल तर पाणी स्लॅबच्या खालून वाट काढतं आणि एक दिवस स्लॅब अधांतरी लटकलेला दिसतो. गॅबियन, म्हणजे तारेच्या पेट्यांत दगड, हलत्या जमिनीला छान, थोडं खचलं तरी मोडत नाही. खाली जिओटेक्स्टाईलचं (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) कापड घाला आणि तार चांगल्या जस्ताच्या मुलाम्याची घ्या.

८. सांडव्यातून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे सोडू? शेजारी भांडतोय.

शेजारी बहुधा बरोबर असतो. पाणी जिथून पूर्वी वाहत होतं त्याच ओढ्यात किंवा नाळीत परत गेलं पाहिजे, तुमच्या सोयीसाठी त्याच्या खाचरात नाही. पाच ठिकाणी पसरून जाणारं पाणी तुम्ही एका चरात गोळा केलंय, त्यामुळे तेवढंच पाणी आता जास्त जोराने येतं हे त्याचं म्हणणं खरं आहे.

शेवटच्या टप्प्यात उंचीचा फरक असेल तर पाणी एकदम पडू देऊ नका. दगडी पायऱ्या करा किंवा खाली मोठ्या दगडांनी भरलेला खड्डा करा म्हणजे जोर तिथेच मरतो. आणि चर बांधाच्या पायथ्यापासून लांब राहू द्या. सांडव्याचं पाणी वळून पायथ्याशी साचताना मी बघितलंय, वर सगळं ठीक आणि खालून बांध भिजून मऊ होत असतो.

९. बांधातून पाईप नेला तर बाजूने गळती होते म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि ही गळती जीवघेणी असते. गोल पाईपच्या खालच्या बाजूला माती नीट ठोकली जात नाही, तिथे फट राहते, फटीतून पाणी जातं आणि जाताना माती घेऊन जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं तेव्हाही आउटलेटच्या नाल्यावरचा भराव खचला होता, बांधात घातलेली कोणतीही नळी ही बांधातली सर्वात कमजोर जागा असते हे तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत आहे.

म्हणून पाईप मूळ जमिनीत चर खणून टाका, भरावात अधांतरी नको. खाली काँक्रीटचा पाळणा द्या म्हणजे ती खालची फट राहतच नाही. पातळ पीव्हीसी नको, एनपी-३ दर्जाचा (वरच्या मातीचा भार सोसणारा) ह्यूम पाईप घ्या, सांधे नीट भरून. पूर्वी पाईपभोवती काँक्रीटच्या कॉलर घालायची पद्धत होती, पण कॉलरच्या कोपऱ्यातही माती ठोकली जात नाही, म्हणून आता बांधाच्या मागच्या, तळ्यापलीकडच्या बाजूच्या एक तृतीयांश भागात पाईपभोवती स्वच्छ वाळूचा जाड थर देतात. गळालेलं पाणी वाळूतून निघतं, माती मागे राहते.

मागच्या बाजूला ओल दिसली तर काचेच्या ग्लासात पाणी धरून बघा. स्वच्छ पाणी बारीक झिरपत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर माती वाहतेय, त्याच दिवशी तळ्याची पातळी उतरवायला घ्या.

१०. रोहू-कटला सोडलेत, ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावू का?

बारीक जाळी अजिबात नको. २ नंबरमधल्या सागाच्या पानांचं इथेही तेच होतं, फक्त इथे पाईप नाही तर अख्खा सांडवा बंद होतो. रात्री मासे वाचवणारी जाळी सकाळपर्यंत बांध घालवते.

उंबऱ्यावर उभ्या सळ्या लावायच्याच असतील तर दोन सळ्यांत दोन इंच तरी अंतर आणि सांडवा हिशोबापेक्षा दीडपट रुंद. त्यापेक्षा चांगलं म्हणजे रुंदी वाढवून सांडव्यावरचं पाणी पातळ ठेवणं, पाच-सात सेंमी पाण्यात मोठा मासा सहसा जात नाही. मोठ्या पुरात काही मासे जाणार, ते जाऊ द्या.

११. पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. सांडव्यावर फळ्या किंवा रेतीच्या गोण्या लावून पातळी वाढवली तर?

पावसाळ्यात नाही, कधीच नाही. फूटभर गोण्या लावल्या की ६ नंबरमध्ये जो एक मीटर मोकळा ठेवला त्यातलाच एक फूट तुम्ही खाऊन टाकला. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पाऊस संपत आल्यावर घालतात आणि पुढच्या पावसाच्या आधी काढतात, तीच पद्धत इथे. ऑक्टोबरमध्ये फळ्या घाला, मे अखेर काढून घरात ठेवा. पण ऑक्टोबरमध्येही परतीचा पाऊस धो धो पडतो, तेव्हा फळ्या अशा बसवा की एक माणूस पाण्याबाहेर उभा राहून त्या उपसू शकेल. लोखंडी गेटबद्दल विचारणाऱ्यांनाही उत्तर हेच, जे उघडायला माणूस लागतो ते रात्री दोन वाजता बंदच असतं.

१२. बांध होऊन चार वर्षं झाली, सांडवाच ठेवलेला नाही. आता काय?

पहिलं काम, येत्या पावसात तळं पूर्ण भरू देऊ नका. बांध न फोडता पातळी खाली ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे सायफन, पाईप बांधाच्या माथ्यावरून उलटा यू करून टाकायचा, एकदा भरून सुरू केला की तळ्यातलं पाणी स्वतःहून पलीकडे जातं. बांधात खोदकाम नाही, म्हणून गळतीची भीती नाही. पण हवा शिरली की बंद पडतो आणि निचरा मर्यादित, म्हणून हा तात्पुरता उपाय.

मग कोरड्या दिवसात कडेला मूळ जमिनीत सांडवा खोदा. दोन्ही कडांना उभा डोंगर असेल आणि जागाच नसेल तर बांधाच्या एका टोकाचा भाग उतरवून तिथे पायापासून वर दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधून तिच्यावरून पाणी न्यावं लागतं, आणि माती व भिंत जिथे भेटतात त्या सांध्यातून पाणी जाऊ नये म्हणून भिंत बांधात आतपर्यंत न्यावी लागते. हे काम गावच्या गवंड्यावर सोडू नका, इंजिनिअर घ्या.

१३. माझं शेततळं प्लास्टिक अस्तराचं आहे, पंपाने भरतो. त्यालाही सांडवा?

त्यात बाहेरचं पाणी येतच नसेल तर फक्त तळ्यावर पडणारा पाऊस बाहेर काढायचा असतो, तिथे सहा-आठ इंची पाईप पुरतो. दहा गुंठे तळ्यावर तासाला १०० मिमी पाऊस पडला तरी सेकंदाला २८ लिटरच होतात. पाईप जिथे अस्तरातून जातो तिथे फ्लँजने (दोन चकत्यांमध्ये अस्तर आवळून) घट्ट करा आणि पाणी बांधाच्या उतारावर न सोडता पायथ्यापलीकडे न्या. अशा तळ्याला सर्वात जास्त नुकसान पंप चालू ठेवून विसरल्याने होतं, तेव्हा पाईप पंपापेक्षा जास्त वाहणारा हवा.

१४. स्वतःच्या जमिनीत बांध घालतोय, परवानगी कशाला?

जमीन तुमची असली तरी नैसर्गिक ओढा-नाला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सरकारचा असतो. त्यावर बांध घालायचा तर आधी तहसीलदारांकडे आणि मृद व जलसंधारण विभागाकडे विचारणा करा. माथेरानच्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये किंवा वनजमिनीला लागून असाल तर नियम अजून कडक. धरण सुरक्षा कायदा, २०२१ मोठ्या धरणांना लागू होतो, १५ मीटरच्या वर किंवा काही अटींसह १० ते १५ मीटर, म्हणून तुमचा तीन मीटरचा बांध त्यात येत नाही. पण तुमच्या बांधामुळे खाली नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, कायद्यात उंची कमी आहे म्हणून ती टळत नाही.

१५. बांधावर झाडं लावली तर माती धरून ठेवतील ना? आणि खेकड्यांचं काय?

गवत हो, झाडं नाही. मोठं झाड मेलं की मुळं कुजून आत नळ्या राहतात. सांडव्याच्या चरातही झुडपं वाढू देऊ नका. तिवरे फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि खूप चर्चा झाली. बिळं खरंच त्रासदायक असतात, दिसली की नुसता चिखल न लावता खणून, चिकणमाती ठोकून बुजवा. पण देखभाल करणं आपलं काम आहे, खेकड्यांचं नाही.

१६. राखणदाराचा फोन आला की पाणी माथ्याला लागलंय. त्या क्षणी काय करायला सांगू?

सगळ्यात आधी खालच्या घरांना उठवायला सांगा, बांधाकडे बघायला नंतर जा. ११२ ला आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा. पाईपच्या जाळीवरचा कचरा काठावर उभं राहून लांब बांबूने निघत असेल तरच काढायचा, पाण्यात उतरून नाही, त्या तोंडाशी ओढ प्रचंड असते. सांडव्यात फळ्या-गोण्या असतील तर काढा. माथ्यावर एखादी जागा खाली असेल आणि पाणी अजून तिथे पोचलं नसेल तर तिथे गोण्या टाका. बांध मधोमध तोडून पाणी सोडायची कल्पना कोणीतरी काढतंच, ती करू देऊ नका, तो चर मिनिटांत दरी होतो. एकदा पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की बांधावर कोणी थांबायचं नाही.

१७. वरच्या बाजूला दुसऱ्याचं तळं आहे, आणि डोंगरावर प्लॉटिंगही सुरू झालंय. माझा जुना सांडवा चालेल?

बहुतेक नाही. कर्जत-नेरळ बाजूला हे फार वेगाने होतंय. गवताचा डोंगर जाऊन रस्ते, छपरं, पेव्हर ब्लॉक आले की पाणी मुरायचं थांबतं, ४ नंबरच्या हिशोबातला गुणांक ०.६ वरून ०.८-०.९ वर जातो आणि गटारांमुळे पाणी लवकर पोचतं, म्हणजे तासाचा पाऊसही जास्त धरावा लागतो. लेआउटची गटारं कुठे उतरतात ते जाऊन बघा, कधी कधी दुसऱ्याच खोऱ्याचं पाणी तुमच्याकडे वळवलेलं असतं.

वरचं तळं धडधाकट असेल तर ते तुमचा पूर थोडा उशिरा आणि थोडा कमी आणतं, पण हिशोबात तो फायदा धरू नका. तुळशीचं जादा पाणी विहारमध्ये येतं आणि विहारचं मिठीत, तिथे महापालिका अख्खी साखळी बघते. तुमच्या साखळीत वरच्या मालकाला सांडवा माहीतही नसेल. तळं फुटलं तर सेकंदाला येणारं पाणी कोणत्याही पावसाच्या हिशोबाच्या कितीतरी पट असतं, तेवढा सांडवा तुम्ही बांधू शकत नाही. म्हणून त्याच्याकडे जा, त्याचा बांध आणि सांडवा एकत्र बघा, नसेल तर हे पान त्याला पाठवा, आणि गरज पडली तर त्याच्या सांडव्याच्या खर्चात वाटा उचला.

जुना सांडवा रुंद करताना बांधाकडची कड जशीच्या तशी ठेवून डोंगराकडच्या बाजूला वाढवा, आणि उंबऱ्याची पट्टी तुकड्यात न जोडता नवीन पूर्ण रुंदीची ओता. काम एप्रिलमध्ये धरा म्हणजे सिमेंटला पाणी मारायला वेळ मिळतो.